शाळेचा शिपाई आणि सरकारचा शिपाई

मराठीत ‘शिपाई’ हा एकच शब्द दोन अगदी निराळ्या माणसांना लावला जातो. एक शिपाई शाळेतला. तो घंटा देतो, फाटक उघडतो, उशिरा येणाऱ्या मुलाला दटावतो आणि पावसात चिंब भिजून आलेल्या मुलाला आपल्या स्टुलावर बसवून घेतो. दुसरा शिपाई पोलीस चौकीवरचा. जेवावयास नाही म्हणणाऱ्या मुलाला त्याच्या नावाने घरोघर भिवविण्यात येते, आणि बालमनात त्याची जागा बागुलबुवाच्या शेजारी असते. पहिला मुख्याध्यापकांचा माणूस, दुसरा सरकारचा. गंमत अशी की, मुले पहिल्याला प्रेमाने ‘मामा’ म्हणतात, आणि रस्त्यावरचे लोक दुसऱ्यालाही, थोड्या निराळ्या स्वरात, ‘मामा’च म्हणतात.

हे दोन शिपाई एकाच गणवेशात एकत्र आणले तर काय होईल? पोलिसाला शाळेच्या फाटकाबाहेर न ठेवता आत, वर्गाच्या शेजारच्या खोलीत बसविले तर शाळेला रक्षक लाभेल, की मुलाच्या खोडीला गुन्ह्याचे रूप येईल? हा प्रश्न केवळ तर्काने सोडविण्याचे कारण उरलेले नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी सुमारे सत्तर वर्षे हा प्रयोग केला आहे. त्या प्रयोगाचा इतिहास उद्बोधक आहे, आणि त्यात यशाइतकाच अपयशाचाही वाटा आहे.

मिशिगन राज्यातील फ्लिंट हे मोटारींचे शहर. १९०८ साली जनरल मोटर्स या कंपनीची स्थापना तेथे झाली आणि कारखान्यांच्या भोंग्यावर तेथील संसार चालू लागले. १९३६-३७ च्या हिवाळ्यात कामगारांनी कारखान्यांतच ठाण मांडून केलेला संप अमेरिकेच्या कामगार चळवळीत प्रसिद्ध आहे. मंदीच्या त्या दिवसांत आईबाप कामाच्या विवंचनेत आणि मुले रस्त्यावर, अशी स्थिती होती. त्या वेळी फ्रँक मॅन्ली या व्यायामशिक्षकाने एक साधा प्रश्न विचारला: मुलांना खेळावयास जागा नाही म्हणून ती बिघडतात असे आपण म्हणतो, मग लोकांच्याच पैशाने बांधलेल्या शाळांना संध्याकाळी कुलूप का? जनरल मोटर्सचे एक संचालक चार्ल्स स्टुअर्ट मॉट यांनी १९२६ साली एक न्यास स्थापन केला होता. त्या न्यासाच्या मदतीने १९३५ पासून फ्लिंटच्या शाळा संध्याकाळीही उघड्या राहू लागल्या. मुले खेळावयास येऊ लागली, त्यांच्यामागून पालक येऊ लागले, आणि शाळा ही साऱ्या वस्तीची चावडी झाली.

याच भूमीत १९५० नंतरच्या दशकात शाळेतील पोलिसाची कल्पना रुजली. शाळा जर वस्तीची चावडी, तर वस्तीचा पोलीसही तेथे का नसावा, असा हा विचार होता. निवडलेले पोलीस अधिकारी शाळांशी जोडण्यात आले. समुपदेशक, परिचारिका आणि घरोघर जाऊन चौकशी करणारे शिक्षक यांच्या मंडळात तेही बसू लागले. कोणता मुलगा वर्ग चुकवून भटकतो, कोणाच्या घरी बाप दारूच्या आहारी गेला आहे, कोणत्या कोपऱ्यावर मोठी मुले लहानांना त्रास देतात, हे वेळीच कळावे आणि प्रकरण न्यायालयापर्यंत जाण्यापूर्वीच मिटावे, हा हेतू. गुन्हा घडल्यावर पकडण्यापेक्षा तो घडू न देणे, आणि बागुलबुवा म्हणून ओळखला जाणारा माणूस मुलांना नावानिशी ठाऊक होणे, यांतच या योजनेचे सार्थक मानले जाई. हेतू निर्मळ होता यात शंका नाही.

परंतु शाळेतील पोलिसाचे दुसरेही एक मूळ आहे, आणि ते ओळखीत रुजलेले नसून पहाऱ्यात रुजलेले आहे. लॉस एंजलिसच्या शाळाखात्याने १९४८ सालीच शाळांच्या रक्षणासाठी आपले स्वतंत्र सुरक्षा दल उभारले होते. तेच पुढे वाढत जाऊन शाळांचे स्वतःचे पोलीस खाते बनले. फ्लिंटचा पोलीस मुलांना ओळखावयास आला, लॉस एंजलिसचा राखण करावयास आला. पुढील सारा इतिहास हा या दोन मुळांच्या ओढाताणीचा इतिहास आहे.

गणवेश शाळेच्या दारात उभा राहिला म्हणजे त्याचा अर्थ सर्व मुलांना एकच लागतो, असेही नाही. १९५७ साली अर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे हे साऱ्या जगाने पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला होता. त्यानुसार नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी सेंट्रल हायस्कूलमध्ये प्रवेश घेणार होते. ४ सप्टेंबर रोजी राज्यपाल फोबस यांच्या आज्ञेने राज्याच्या रक्षकदलाने त्यांची वाट अडविली. पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड एकटीच तेथे पोहोचली होती. शिव्या घालणाऱ्या जमावाच्या तावडीतून वाचण्यासाठी ती सैनिकांच्या रांगेकडे आशेने गेली, तेव्हा त्या रांगेने गोऱ्या विद्यार्थ्यांना वाट दिली आणि तिच्यासमोर बंदुका आडव्या धरल्या. तीनच आठवड्यांनी, २५ सप्टेंबर रोजी, राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पाठविलेल्या लष्कराच्या १०१ व्या विमानवाहित डिव्हिजनचे जवान त्याच नऊ मुलांना मध्ये घेऊन त्याच दारातून आत गेले.

दार तेच, मुले तीच, गणवेशही जवळपास तसाच. मग पालटले काय? पालटली ती आज्ञा. पहिल्या रांगेला मुले आत जाऊ द्यावयाची नव्हती, दुसरीला ती सुखरूप आत पोहोचवावयाची होती. १९६० च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्समध्ये सहा वर्षांच्या रूबी ब्रिजेसला केंद्रशासनाचे चार अधिकारी रोज शाळेत पोहोचवीत, तेव्हाही हीच गोष्ट पुन्हा दिसून आली. शाळेच्या दारातील शस्त्रधारी माणूस स्वभावाने भला की बुरा, हा दुय्यम प्रश्न होय. तो कोणाच्या आज्ञेने आणि कोणत्या कामासाठी उभा आहे, हा मुख्य प्रश्न.

१९६० नंतरच्या दशकात फ्लिंटची कल्पना इतरत्र पसरली. १९६२-६३ च्या सुमारास ॲरिझोनातील टूसॉन शहराने ती उचलली. फ्लॉरिडात या अधिकाऱ्याला ‘स्कूल रिसोर्स ऑफिसर’ हे नाव मिळाले, आणि तेच पुढे देशभर रूढ झाले. शाळेला उपयोगी पडणारा, तिच्या हाताशी असणारा अधिकारी, असा त्याचा अर्थ. शिकागोत १९६६ मध्ये ‘ऑफिसर फ्रेंडली’ या नावाचा उपक्रम निघाला. हसतमुख पोलीस बालवर्गांत जाई, रस्ता कसा ओलांडावा ते शिकवी, आणि मुले त्याची टोपी डोक्यावर घालून पाहत. मात्र शंकेचा सूरही तेव्हाच उमटला होता. टूसॉनमध्ये नागरी स्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांनी विचारले की, हा अधिकारी शाळेच्या खोलीत मुलाला प्रश्न विचारतो तेव्हा तो मित्र म्हणून विचारतो की तपासनीस म्हणून? मुलाने मित्र समजून सांगितलेले उद्या न्यायालयात त्याच्याविरुद्ध पुरावा होणार नाही, याची हमी कोणती?

ही शंका पोकळ नव्हती. ॲरिझोनातच १९६४ साली पंधरा वर्षांच्या एका मुलावर, शेजारच्या बाईला दूरध्वनीवरून अश्लील बोलल्याचा आरोप आला. आईबाप कामावर असताना पोलिसांनी त्याला नेले आणि घरी निरोपही ठेवला नाही. वकील नाही, फिर्यादी बाईची साक्ष नाही, तरी न्यायाधीशांनी त्याला वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात धाडले. हाच अपराध एखाद्या प्रौढाने केला असता तर त्याला फार तर पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. गॉल्ट खटला म्हणून प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आरोपाची सूचना, वकील, साक्षीदाराची उलटतपासणी आणि मौनाचा अधिकार ही संरक्षणे मुलांनाही आहेत. मुलाचे भले करतो आहोत या भावनेने त्याचे हक्क गुंडाळून ठेवता येत नाहीत, हा त्या निर्णयाचा इत्यर्थ.

तथापि शाळेच्या भिंतींच्या आत कायद्याने थोडी निराळी वाट धरली. न्यू जर्सीतील एका शाळेत चौदा वर्षांची मुलगी स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना सापडली. उपमुख्याध्यापकांनी तिची पिशवी उघडली, तेव्हा तीत गांजा आणि तो विकल्याच्या खुणा मिळाल्या. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या झडतीला मान्यता दिली. पोलिसाला झडती घेण्यासाठी जेवढे सबळ कारण लागते तेवढे शिक्षकाला लागत नाही, वाजवी संशय पुरे, असे न्यायालयाने म्हटले. शिक्षक हा शिस्तीचा रखवालदार, त्याला थोडी मोकळीक हवी, हे म्हणणे पटण्याजोगे आहे. परंतु त्याच शाळेत शिक्षकाच्या खांद्याला खांदा लावून पोलीस उभा असला, म्हणजे झडती कोणाची आणि पुरावा कोणाचा, ही सीमा पुसट होऊ लागते. शिक्षकाची मोकळीक आणि पोलिसाची बेडी एकाच खोलीत आली की मुलाच्या वाट्याला दोहोंतील जड बाजू येते.

तरीही बराच काळ ही चिंता मोजक्या शहरांपुरती होती. १९७५ च्या सुमारास शंभरांतील जेमतेम एका शाळेत पोलीस नेमलेला असे. १९९० नंतरच्या दशकात मात्र वारे फिरले. तरुणांतील गुन्हेगारी आणि बंदुका यांच्या भीतीने देश ग्रासला. १९९४ च्या कायद्याने, शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष काढून टाकण्याचा नियम राज्यांवर बंधनकारक केला. हा नियम बंदुकीपुरता होता, पण त्यातील ‘गय नाही’ ही वृत्ती बंदुकीपुरती राहिली नाही. मारामारी, उद्धट उत्तर, वर्गातील गोंधळ, या सर्वांना ती हळूहळू लागू होऊ लागली.

अशातच २० एप्रिल १९९९ हा दिवस उजाडला. कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक यांचा बळी घेतला. सारा देश हादरला. प्रत्येक आईबापाच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला: आपल्या मुलाच्या शाळेत पोलीस आहे काय? केंद्रशासनाने शाळांत पोलीस नेमण्यासाठी खास अनुदान सुरू केले, आणि पुढील काही वर्षांत सुमारे ७५ कोटी डॉलर खर्चून साडेसहा हजारांवर अधिकारी शाळांत नेमले गेले. या घाईत एक गोष्ट फारशी कोणी विचारात घेतली नाही. कोलंबाइनमध्ये त्या दिवशी सशस्त्र पोलीस अधिकारी नेमलेला होता. त्याने हल्लेखोरावर गोळ्याही झाडल्या होत्या. तरी अनर्थ टळला नाही.

पोलीस शाळांत आले ते असाधारण दिवसाच्या भीतीने. पण शाळेचे बहुतेक दिवस साधारण असतात. त्या साधारण दिवशी, दहाच्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत, त्या अधिकाऱ्याने करावयाचे काय? त्याच्या हाती असलेले साधन म्हणजे कायदा. तो वापरण्याचा मोह त्याला होणार, आणि वैतागलेल्या शिक्षकालाही खोडकर मुलगा त्याच्या स्वाधीन करण्याचा मोह होणार, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

हे कसे घडते, आणि मोडता कसे येते, याचे सर्वांत बोलके उदाहरण जॉर्जिया राज्यातील क्लेटन कौंटीचे आहे. अटलांटा शहराच्या दक्षिणेस असलेल्या या प्रदेशात १९९० नंतरच्या दशकात शाळांत पोलीस नेमण्यात आले. त्यापूर्वी शाळांकडून बालन्यायालयात येणारी प्रकरणे वर्षाला पन्नासच्या आसपास असत. दशकभरात ती हजाराच्या पलीकडे गेली. बालन्यायाधीश स्टीव्हन टेस्के यांनी ही प्रकरणे तपासली, तेव्हा त्यांतील बहुतेक क्षुल्लक निघाली. मधल्या सुट्टीतील धक्काबुक्की, वर्गातील गोंधळ, शिक्षकाला दिलेले उलट उत्तर. पूर्वी ही मुले मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर अर्धा तास उभी राहिली असती. आता ती आरोपी म्हणून न्यायाधीशांसमोर उभी होती. खरोखर घातक मुलांकडे लक्ष द्यावयास न्यायालयाजवळ वेळ उरत नव्हता. आणि ज्या मुलाला शाळेतून बेडी घालून नेले, त्याचे पाऊल पुन्हा शाळेकडे वळणे कठीण होत होते.

टेस्के यांनी पोलिसांना शाळेबाहेर काढले नाही. त्यांनी शाळाखाते, पोलीस आणि समाजसेवक यांना एका टेबलाभोवती बसविले. अनेक महिन्यांच्या चर्चेनंतर २००४ साली सर्वांनी एका लेखी करारावर सह्या केल्या. किरकोळ मारामारी किंवा गोंधळ यांसारख्या आगळिकीला प्रथम केवळ ताकीद, दुसऱ्या वेळी समज देणारा वर्ग किंवा समेट, आणि तिसऱ्या वेळीच न्यायालय, असा क्रम ठरला. एवढ्या साध्या कागदाने पुढील काही वर्षांत शाळांकडून न्यायालयात येणारी प्रकरणे निम्म्याहून कमी झाली. शाळेत शस्त्र सापडण्याच्या घटनाही घटल्या. याचे कारण टेस्के यांनी सांगितले ते मार्मिक आहे. पोलीस मुलांना पकडीनासा झाला तेव्हा मुले त्याच्याशी बोलू लागली, आणि कोणाच्या दप्तरात काय आहे हे त्याला आधीच कळू लागले. फ्लिंटचे स्वप्न अर्धशतकानंतर एका करारपत्राच्या आधाराने पुन्हा उभे राहिले.

जेथे असा कागद नव्हता, तेथे भार कोणावर पडला हे शासनाच्याच आकड्यांतून दिसते. २०११-१२ या शालेय वर्षात विद्यार्थ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा १६ होते. पण पोलिसांकडे सोपविलेल्या विद्यार्थ्यांत ते शेकडा २७, आणि शाळेशी संबंधित अटकांत शेकडा ३१ होते. लिटल रॉकच्या दारातील बंदुका ज्यांच्या आजोबा-आजींनी पाहिल्या होत्या, त्यांच्या नातवंडांना गणवेशाचा अर्थ पुन्हा तसाच लागावा, ही दुःखाची गोष्ट होय. २०११ मध्येच सर्वोच्च न्यायालयापुढे उत्तर कॅरोलिनातील एका तेरा वर्षांच्या मुलाचे प्रकरण आले. सातवीच्या वर्गातून गणवेशधारी अधिकाऱ्याने त्याला बाहेर काढले आणि बंद खोलीत पोलीस व शाळेचे अधिकारी यांनी अर्ध्या तासाहून अधिक त्याची चौकशी केली. त्याचा सांभाळ करणाऱ्या आजीला कळविण्यात आले नाही. उठून जाण्याची मोकळीक आहे, हेही त्याला आधी सांगितले गेले नाही. पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने निर्णय दिला की, मूल कोठडीत आहे की नाही हे ठरविताना त्याचे वय विचारात घेतलेच पाहिजे. शाळेत मूल मोठ्यांच्या आज्ञेत राहावयास शिकते. तेथे बंद दारापुढे ‘मी जातो’ असे ते म्हणेल, ही अपेक्षाच चुकीची.

२५ मे २०२० रोजी मिनिॲपोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि हा साचलेला असंतोष उफाळून आला. तेथील शाळामंडळाने थोड्याच दिवसांत शहर पोलिसांशी असलेला करार मोडला. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराने शाळांचे स्वतंत्र पोलीस खातेच बरखास्त केले, आणि डेन्व्हरनेही पोलीस काढून घेण्याचे ठरविले. परंतु २०२३ च्या मार्चमध्ये डेन्व्हरच्या ईस्ट हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याने शाळेच्या दोन अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, आणि त्या शहराने पोलीस परत बोलाविले. लंबक एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला आणि परत आला.

त्या टोकाला गेलेल्यांनाही इतिहासाने दिलासा दिलेला नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लॉरिडातील पार्कलँड येथे सतरा जणांचे प्राण गेले, तेव्हा शाळेचा सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबून राहिला. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी येथे एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. त्या शाळाखात्याचे स्वतःचे पोलीस दल होते. निरनिराळ्या दलांचे ३७६ पोलीस तेथे जमले, तरी मारेकऱ्याचा अंत होण्यास ७७ मिनिटे लागली. पुढे प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, शाळेतील पोलिसामुळे मारामाऱ्या काही अंशी कमी होतात. परंतु गोळीबार टळतो असे दिसत नाही, आणि विद्यार्थ्यांना काढून टाकण्याचे व अटकेचे प्रमाण मात्र वाढते. ज्या भीतीपोटी पोलीस आला ती तशीच राहिली, आणि ज्या खोडीसाठी तो आला नव्हता तिला शिक्षा होऊ लागली.

शाळा फाटकाशी संपत नाही, ही गोष्टही या इतिहासातून पुढे येते. मुलाला धोका असतो तो बहुधा घर आणि फाटक यांच्यामधल्या वाटेवर. शिकागोत २००९ च्या सप्टेंबरात सोळा वर्षांचा एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर घरी परतताना दोन टोळक्यांच्या मारामारीत सापडून प्राणास मुकला. त्यानंतर त्या शहराने शाळेच्या वाटांवर वस्तीतीलच माणसे उभी करण्यास आरंभ केला. मुलांचे पालक, आजोबा, शेजारी भडक रंगाची जाकिटे घालून शाळा भरताना आणि सुटताना कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहू लागले. त्यांच्याजवळ शस्त्र नाही, अटकेचा अधिकार नाही. त्यांच्याजवळ आहे ती फक्त ओळख. कोण कोणाचा मुलगा, कोणत्या गल्लीत आज कुरबूर आहे, हे त्यांना ठाऊक असते. २०१३ मध्ये शहराने सुमारे पन्नास शाळा बंद केल्या आणि हजारो मुलांना अनोळखी वस्त्यांतून जावे लागले, तेव्हा ही योजना पुष्कळ वाढविण्यात आली. अशा वाटांवरील गुन्हे घटल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. आपल्याकडील आळीतील ओट्यावर बसणारी म्हातारी माणसे पिढ्यान् पिढ्या हेच काम बिनपगारी करीत आली, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

भारतात शाळेच्या आत सशस्त्र पोलीस बसविण्याची प्रथा पडली नाही, हे सुदैव. येथे पोलीस आणि शाळा यांची गाठ निराळ्या वाटेने पडली. केरळने २०१० मध्ये विद्यार्थी पोलीस कॅडेट योजना सुरू केली, आणि २०१८ मध्ये ती देशपातळीवर नेण्यात आली. पोलीस येऊन कवायत आणि कायद्याची ओळख शिकवितात, पण कॅडेटांची रोजची देखरेख शाळेतीलच शिक्षकांकडे असते. मुलांविषयीच्या २०१५ च्या बालन्याय कायद्याने प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमावयास सांगितले. त्याखालील नियमांनी मुलाशी वागताना पोलिसाने शक्यतो साध्या कपड्यांत असावे, मुलाला बेडी घालू नये, कोठडीत ठेवू नये, असे बजावले. गोव्याने तर २००३ मध्येच मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला होता. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. प्रत्येक ठाण्यातील प्रत्येक शिपायाला ती पाठ आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. शहरे वाढत आहेत, पालकांची भीती वाढत आहे, आणि शाळेत कॅमेरा बसवा, पहारेकरी वाढवा, पोलीस बोलवा, ही मागणी येथेही ऐकू येते. ती मागणी अयोग्य आहे असे नव्हे. पण ती मान्य करण्यापूर्वी फ्लिंट ते युवाल्डी ही वाट एकदा डोळ्यांखालून घालावी.

त्या वाटेवर सज्जन पोलिसांची वाण नव्हती. मुलांसाठी जीव टाकणारे, त्यांना शिकवणीला बसविणारे, घरी जाऊन बापाची समजूत घालणारे अधिकारी तेथे पुष्कळ झाले. वाण होती ती एका स्पष्ट वाक्याची: हा माणूस येथे काय करील आणि काय करणार नाही. क्लेटन कौंटीने ते वाक्य लिहून काढले आणि तोच पोलीस, तीच शाळा, तीच मुले यांच्यात सलोखा नांदला. जेथे ते लिहिले गेले नाही तेथे चांगला माणूसही हळूहळू आपल्या हातातील साधनासारखा झाला.

शाळेचा शिपाई घंटा देतो तेव्हा ती घंटा सर्वांसाठी एकच असते. उशीर झालेल्या मुलालाही ती सांगते की, दार अजून उघडे आहे, लवकर ये. सरकारचा शिपाई शाळेच्या दारात येणारच असेल, तर त्यानेही त्या मुलाला आत येण्याची वाटच दाखविली पाहिजे. ते दार त्याच्या हातून एखाद्या मुलावर बंद होऊ नये, एवढी काळजी त्याला तेथे उभे करणाऱ्या मोठ्या माणसांनी आधी घ्यावयास हवी.